सायकलला लोढणं नको, दावं हवं

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

शाळा-कॉलेजं सुरू होण्याच्या तोंडावर सायकल कुठे आणि कशी ठेवावी याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच्या उत्तरात दुसऱ्याच्या कामाचं बरंच आहे, म्हणून सगळीच उत्तरं वाचावीत.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. गावापासून फाट्यापर्यंत पाच किलोमीटर सायकलने जाते, प्रवासी निवाऱ्याच्या मागे सायकल लावते आणि सकाळी साडेसहाच्या एसटीने आर्वीला जाते. परत यायला चार वाजतात. मागच्या चाकाचं गोल कुलूप रोज लावते. तरी गावातल्या दोघांच्या सायकली तिथूनच गेल्या. आणखी जाड कुलूप घ्यावं का? (एक पालक, ता. आर्वी)

कुलूप घ्याच, पण त्याआधी जागा बदला. मागच्या चाकाचं गोल कुलूप चाक फिरू देत नाही, त्याचं काम तेवढंच. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवलं की ते पळत नाही, पण कोणी हाकून नेलं तर निघतंच. हे कुलूप म्हणजे लोढणं. मागचा भाग उचलायचा आणि पुढच्या चाकावर ढकलत न्यायची, किंवा सरळ मालवाहू ऑटोत टाकायची. साधी डबल बारची सायकल अठरा-वीस किलोच्या आसपास भरते, मुलींची त्याहून हलकी. एका माणसाला ती जड नाही. सायकलीला दावं हवं आणि दावं बांधायला खुंटा हवा.

निवाऱ्याच्या मागची जागा तर चोराच्याच सोयीची. तिथे बसलेल्यांची पाठ सायकलीकडे असते आणि दर एसटीला माणसं बदलतात, त्यामुळे कोण कोणाची सायकल नेतोय हे कोणालाच कळत नाही. गर्दी असली म्हणजे राखण झाली असं नाही. दिवसभर एकाच जागी बसणारा माणूस हवा, आणि त्याची नजर सायकलीवर पडायला हवी. फाट्यावर अशी माणसं ठरलेली असतात : पानठेला, चहाटपरी, पंक्चरचं दुकान, पिठाची चक्की, पेट्रोल पंप. निवडताना दोन गोष्टी बघा. पहिल्या एसटीआधी ते उघडतं का आणि मुलगी परत येईपर्यंत उघडं असतं का? चक्की बहुधा दहाशिवाय सुरू होत नाही, पानठेला मात्र पहाटेच उघडतो. पंपावर रात्रीही दिवा असतो, पण तिथे मालकाला विचारल्याशिवाय लावू नका आणि टँकर उभा राहतो ती बाजू सोडा.

ठेलेवाल्याशी तुम्ही स्वतः जाऊन बोला. महिन्याचं काहीतरी ठरवून द्या. फुकटची राखण चार दिवस टिकते. मुलीला समोर उभं करून सांगा की ही सायकल हिच्याशिवाय कोणीही, अगदी ‘मी तिचा भाऊ’ म्हणणाराही, नेणार नाही. हे एक वाक्य राहून जातं आणि सायकल नेमकी तिथूनच जाते.

आता बांधायचं कसं. साखळी मागच्या चाकातून, तिथून सीटखालच्या उभ्या नळीच्या पुढून, म्हणजे फ्रेमच्या तिकोनातून, आणि मग खांबाभोवती घ्या. फक्त पुढच्या चाकाला बांधलं तर दोन नट खोलून चाक तिथेच राहतं आणि बाकी सायकल जाते. साखळी सैल लोंबू देऊ नका. ढिली साखळी जमिनीला टेकली की खाली दगड ठेवून वरून घण मारता येतो, आणि सैल जागेत पहार घालून पिळताही येते. कुलूप जमिनीपासून गुडघाभर वर आणि किल्लीचं भोक खाली राहील असं लटकवा, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. गोल कुलूपही लावाच. चोराला मग एकाऐवजी दोन अवजारं लागतात.

साखळी घेताना फसगत होते ती अशी. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी पाच-सहा मिलिमीटरची साखळी दिसायला दणकट, पण लोखंड मऊ असतं. विकत घेण्याआधी एका कडीवर हेक्सॉ ब्लेड दोनदा घासून बघा. ब्लेड रुतलं आणि चकचकीत खाच पडली तर ती मऊ आहे. नुसतं घसरलं तर पाणी दिलेलं पोलाद आहे. अशी दहा मिलिमीटरची मीटरभर साखळी दोन किलोच्या आसपास भरते, म्हणून ती रोज वागवायची नाही. ठेलेवाल्याकडे खांबालाच अडकवून ठेवायची. आणि साखळीला शोभेल असंच कुलूप घ्या. जाड साखळीला बारीक कडीचं पितळी कुलूप लावलेलं सर्रास दिसतं. चोर साखळीकडे बघतही नाही, कुलपाची कडी कापतो. साखळीवर जुनी ट्यूब चढवली तर सायकलीचा रंग जात नाही आणि आवाजही होत नाही. मात्र ट्यूबला खालून ब्लेडने चिरा द्या, नाहीतर आत पाणी साचून साखळी गंजते.

बांधायला काहीच नसेल आणि मैत्रिणी सोबत असतील, तर दोन सायकली उलटसुलट उभ्या करा, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला, आणि फ्रेमला फ्रेम बांधा. ती जोडी ना ढकलता येते ना उचलून धड नेता येते. हा तात्पुरता उपाय आहे, रोजचा नाही.

प्रश्न : महावितरणच्या लोखंडी खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला सायकल बांधली तर चालेल का? खांब तर हलत नाही. (ता. मूल)

नाही. पावसाळ्यात वरचं चिनीमातीचं इन्सुलेटर फुटलेलं असेल तर खांबात किंवा ताणात करंट उतरतो आणि तुमची सायकलही लोखंडाचीच आहे. डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, कुंपणालाही हेच लागू. खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि इतरांनाही तिथून दूर ठेवा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी नागपूरला खोली घेतली आहे. गिअरची सायकल आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि वाचनालय बर्डीजवळ (सीताबर्डी). दिवसभर सायकल बाहेर असते. नंबरचं वायरचं कुलूप आहे, तेवढं पुरेल का? (मूळ गाव ता. अचलपूर)

पुरणार नाही. वायरच्या कुलपात वरचं प्लास्टिक जाड आणि आतली तार बारीक असते. चांगला कटर ती क्षणात तोडतो. नंबरचा भाग आणखी कच्चा. तीन आकडी कुलपात सगळ्या मिळून हजारच जुळण्या असतात. एका जुळणीला दोन सेकंद धरले तरी सगळ्या तपासायला अर्ध्या तासाच्या थोडं वर लागतं. शिवाय घाईत बहुतेकजण एकच चाकी फिरवून कुलूप ‘बंद’ करतात, मग तर नऊ प्रयत्न पुरतात. वायर फेकू नका, तिचं काम पुढे येतंच.

शहरात गिअरच्या सायकलीला यू-लॉक घ्या. कडीची जाडी बारा-चौदा मिलिमीटर असावी आणि यू शक्य तितका आखूड असावा. लांब यूच्या पोकळीत जॅक किंवा पहार बसते, आखूड यूमध्ये खांब, रिम आणि नळी गेल्यावर बोट घालायलाही जागा उरत नाही. लावण्याची पद्धत : मागच्या चाकाची रिम जिथे फ्रेमच्या मागच्या तिकोनातून जाते, तिथेच रिमभोवती आणि खांबाभोवती यू घाला. फ्रेमची नळी यूमध्ये आली नाही तरी चालतं, कारण कुलूपबंद रिम त्या तिकोनातून ओढून निघत नाही. सायकल सोडवायची तर रिम आणि टायर कापावं लागेल, आणि मग चोराच्या हाती बिनचाकाची सायकल येईल. पुढच्या चाकाला ती जुनी वायर गुंतवून यूमध्ये अडकवा.

तुमच्या सायकलीला चाक आणि सीट हाताच्या खटक्याने निघणारी असतील तर आधी ते खटके काढा. त्याजागी एलन-कीने घट्ट होणारे सळीचे बोल्ट बसतात, कुठल्याही गिअर सायकलीच्या दुकानात मिळतात. लाइट, पंप, बाटली रोज सोबत न्यायची.

बांधायची जागा निवडताना खांब दोन्ही हातांनी हलवून बघा. ‘नो पार्किंग’च्या पाटीचा खांब बऱ्याचदा फरशीत नुसता रोवलेला असतो, सायकलीसकट उपसून निघतो, किंवा वरची पाटी छोटी असली तर सायकल वर उचलून खांबावरून काढता येते. रेलिंग असेल तर ते नट-बोल्टने जोडलंय की वेल्डिंगने, हे वाकून बघा. नट-बोल्ट पान्याने सुटतो. जाळीचं कुंपण, कोवळं झाड, लाकडी बाक, दुकानाच्या शटरची कडी या सगळ्या जागा नकोत. शटरवाला तर संध्याकाळी तुमचीच सायकल अडचण म्हणून हलवतो.

बर्डीत गल्लीबोळात लावण्यापेक्षा जिथे पावती देणारं पार्किंग आहे तिथे लावा, किंवा जवळच्या मेट्रो स्टेशनच्या पार्किंगमध्ये जागा मिळते का विचारा. वाचनालयाच्या व्यवस्थापकांनाही विचारून बघा. जिन्याखालची जागा पुष्कळदा रिकामी असते, फक्त कोणी मागितलेली नसते. कॅमेऱ्याच्या भरवशावर मात्र राहू नका. चोरी झाल्यावर चेहरा दाखवणं हे त्याचं काम, आणि तोंडाला दुपट्टा बांधून फिरणं नागपूरच्या उन्हात कोणालाच वावगं वाटत नाही. रोज एकाच जागी, एकाच वेळी सायकल लावणंही टाळा. दहा ते सहा ती हलत नाही हे लक्षात यायला बघणाऱ्याला चार दिवस पुरतात.

आणि रात्री सायकल वर न्या. तीन मजले चढवणं जिवावर येतं हे खरं, पण निदान जिन्याच्या लोखंडी कठड्याला पहिल्या मजल्याच्या वर बांधा. घरमालकाला आधी विचारा.

प्रश्न : शाळेत साठेक मुलं-मुली सायकलने येतात. त्यातल्या बऱ्याच सायकली सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या. सध्या जुनं, पुढचं चाक अडकवायच्या खाचांचं स्टँड आहे. शाळा व्यवस्थापन समितीला नवीन करायचं आहे. कसं करावं? (मुख्याध्यापक, ता. दारव्हा)

सर, खाचांचं स्टँड पुन्हा करू नका. त्यात फक्त पुढचं चाक अडकतं, फ्रेमला कुलूप लावायला काही नसतं, आणि एक सायकल कलली की पूर्ण रांग आडवी होते. खाचेत अडकलेलं चाक तेव्हा पिळवटतं आणि ‘आउट’ होतं. चाकांची आउट काढण्यात पालकांचे पैसे जातात ते यामुळेच.

उलट्या यू आकाराच्या पाइपच्या कमानी गाडा. एका कमानीला दोन्ही बाजूंनी एकेक, अशा दोन सायकली लागतात. साठ सायकलींना तीस कमानी.

पाइप दीड इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी), मध्यम दर्जाचा म्हणजे ‘बी क्लास’ घ्या. बाहेरून तो साधारण ४८ मिलिमीटर भरतो, भिंतीची जाडी ३.२ मिलिमीटर. कमान जमिनीवर ७० सेंटिमीटर उंच, ७५ सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही पाय ४० सेंटिमीटर जमिनीत असं माप धरलं तर एकीला २९५ सेंटिमीटर पाइप लागतो. बाजारातला पाइप सहा मीटरचा येतो, म्हणजे एका पाइपात बरोबर दोन कमानी आणि तुकडा वाया जात नाही. तीस कमानींना पंधरा पाइप. माप पाच-दहा सेंटिमीटरने वाढवलंत की एका पाइपात एकच कमान बसते आणि खर्च दुप्पट होतो, हे ठेकेदाराला आधीच बजावून ठेवा.

दोन कमानींमध्ये एक मीटर अंतर ठेवा. जास्त सायकली मावाव्यात म्हणून ६० सेंटिमीटरवर गाडतात, मग हँडलात हँडल अडकतं आणि मुलं मधल्या कमानी सोडून देतात. कमानी भिंतीला काटकोनात असतील तर भिंतीपासून ६० सेंटिमीटर सोडा.

पायांच्या खालच्या टोकाला १२ मिलिमीटर सळईचा वीतभर तुकडा आडवा वेल्ड करा. तो काँक्रीटमध्ये आडवा बसला की कमान उपसून निघत नाही. वेल्डिंगच्या जागचा जस्ताचा थर आधी घासून काढायला सांगा. तसाच जाळला तर त्याचा धूर वेल्डरच्या छातीत जातो आणि जोडही भुसभुशीत येतो. नंतर तिथे प्रायमर आणि रंग लावायचा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

खरी गोम जमिनीत आहे. तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात थेट गाडलेली कमान दोन पावसाळ्यांत तिरपी होते. म्हणून खड्डा ३० बाय ३० सेंटिमीटर आणि ६० सेंटिमीटर खोल घ्या. तळाशी १५ सेंटिमीटर मुरूम पाणी मारून चोपा, वर ४५ सेंटिमीटर काँक्रीट. मुरूम वरच लागला तर ४५ सेंटिमीटर खड्डा पुरे. काँक्रीट १:२:४ : एका कमानीच्या दोन खड्ड्यांना अर्धी गोणी सिमेंट, ३५ लिटर रेती, ७० लिटर २० मिलिमीटर गिट्टी, पाणी बारा-तेरा लिटर. याहून पातळ केलं तर टाकायला सोपं जातं आणि वाळल्यावर कच्चं राहतं. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन बोटं वर आणि बाहेर उतरता ठेवा, म्हणजे पाइपाच्या बुडाशी पाणी थांबत नाही. काम मे महिन्यात निघालं तर वर ओली पोती टाकून किमान दहा दिवस पाणी मारा आणि तोवर मुलांना कमानींवर बसू देऊ नका. ते बसतातच.

जागा वर्गांच्या मागे देऊ नका. कार्यालयाच्या किंवा एखाद्या वर्गाच्या खिडकीतून रांग दिसली पाहिजे. शाळेत आणखी एक अडचण येते : स्वस्त गोल कुलपांच्या किल्ल्यांचे मोजकेच प्रकार असतात, त्यामुळे एकीची किल्ली दुसरीच्या कुलपाला लागते. हे मुलांना मोठ्यांच्या आधी कळतं. एका सुट्टीत सगळ्या किल्ल्या अदलून-बदलून लावून बघा. ज्यांची जुळते त्यांना कुलूप बदलायला सांगा. आणि प्रत्येक सायकलीचा फ्रेम नंबर एका वहीत उतरवून ठेवा. तो सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या धुऱ्याखाली, फ्रेमच्या बुडाशी ठोकलेला असतो.

प्रश्न : पावसाळ्यात कुलपात किल्ली जाते पण फिरत नाही. खोबरेल तेल सोडलं, तरी तेच. (ता. तुमसर)

खोबरेल, जवस, शेंगदाणा, कुठलंही खाद्यतेल कुलपात नको. ते काही दिवसांत चिकट होतं आणि रस्त्यावरची धूळ धरतं. आता किल्ली जोर लावून पिळू नका, मोडली तर काम वाढेल. शिलाई मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब भोकात सोडा, पंधरा मिनिटं थांबा, किल्ली आत-बाहेर करा, कुलपाच्या अंगावर लाकडाने हलके ठोके द्या आणि मग किल्ली दोन्हीकडे थोडी-थोडी हलवा. उघडल्यावर काळं पाणी निघून जाईपर्यंत हेच दोन-तीनदा करा आणि पुसून घ्या. नव्या, कोरड्या कुलपाला तेलाऐवजी पेन्सिलच्या शिशाची पूड चालते. तेल आणि पूड एकत्र मात्र करू नका, त्याचा चिखल होतो.

प्रश्न : तालुक्याच्या आठवडी बाजारातून सायकल चोरीला गेली. ठाण्यात ‘एनसी’ लिहून घेतली आणि कागद दिला. गुन्हा का नोंदवला नाही? (ता. आर्वी)

सायकलीची किंमत किती लिहिली ते कागदावर बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३(२) आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरतात, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून एनसी. किंमत पाच हजार किंवा त्याहून जास्त असेल तर गुन्हा दखलपात्र होतो, एफआयआर नोंदवावाच लागतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. सायकल घराच्या आतून गेली असेल तर कलम ३०५ लागतं. त्यात किंमत कितीही असो, गुन्हा दखलपात्रच असतो.

म्हणून खरेदीची पावती जपून ठेवा आणि ठाण्यात पावती, फ्रेम नंबर व सायकलीचा फोटो घेऊन जा. नुसती ‘काळी सायकल’ म्हटलं तर किंमतही अंदाजाने लिहिली जाते आणि ती कमीच असते. नंतर लावलेला डायनॅमो, बदललेलं कॅरियर, मडगार्डवरची खूण, हे सगळं लिहून द्या. जुन्या सायकलींच्या दुकानदारांना आणि भंगारवाल्यांना त्याच दिवशी फ्रेम नंबर कळवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हाही गुन्हा आहे, कलम ३१७, त्यामुळे नंबर हाती आला की शहाणा दुकानदार तसली सायकल घेत नाही.

प्रश्न : मजुरीला बाहेरगावी जाताना सायकल स्टेशनवर तीन-चार दिवस ठेवावी लागते. (ता. तुमसर)

पावतीच्या स्टँडवरच ठेवा आणि ठेवतानाच विचारून घ्या : पैसे दिवसाचे की चोवीस तासांचे, किती दिवसांनंतर सायकल बाहेर काढतात, रात्री माणूस असतो का. पावतीचा फोटो काढून घरी पाठवा, कागद घामाने विरघळतो. कॅरियरला बांधलेली पिशवी, पंप, सीटचं कव्हर काढून न्या. स्टँडवरही सायकल कठड्याला बांधायचीच. ठेकेदार गर्दीत ओळी हलवतो, म्हणून आधी त्याला सांगून बांधा.

प्रश्न : उन्हात उभ्या सायकलीची ट्यूब आपोआप फुटते, ते का? (ता. मूल)

हवा तापून दाब वाढतो, पण साधारण दहा टक्केच; चांगला टायर त्याने फुटत नाही. कडेला चिरलेला टायर असेल तर ट्यूब त्या चिरेतून बाहेर येते, किंवा जुन्या पॅचचं सोल्युशन उन्हाने मऊ होऊन पॅच सुटतो. टायर बदला, आणि सायकल भिंतीच्या पूर्वेला लावा. सकाळी तिथे ऊन दिसतं म्हणून लोक ती बाजू टाळतात, पण दुपारनंतरची सावली तिथेच पडते. डांबरी रस्त्यावर साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा. मे महिन्यात डांबर मऊ होऊन स्टँड रुततं आणि सायकल आडवी होते. पावसाळ्यात काळ्या मातीतही तसंच.